लू बार्टकसची मागची बाजू

कार्डांच्या पाकिटातलं साठ वर्षांपूर्वीचं च्युइंगम काचेसारखं तुटतं. खाऊ नये. गस नेमेथने खाल्लं आहे.

•

वापरलेले नायलॉनचे लांब मोजे पाहिजेत. बायकांचे. रंग कोणताही. कशासाठी ते विचारू नये.
(किराणा दुकानाच्या फळ्यावरची चिठ्ठी, १९८८)

•

बोट आली की आमच्या गावचा पूल वर उचलला जातो. दोन्ही बाजूंना गाड्या थांबतात. लोक इंजिन बंद करून बसतात. जो हॉर्न वाजवतो तो बाहेरगावचा.

•

लू बार्टकस. कॅचर. उंची पाच फूट अकरा इंच. १९६४: सामने ५२, सरासरी .२११. हिवाळ्यात लू बदकं पाळतो!
(बेसबॉलच्या कार्डाच्या मागचा छापील मजकूर, १९६५)

•

मुलींनी रेषेच्या बाहेर उभं राहावं.

•

माझ्याकडे एकाच माणसाचे एकसष्ट फोटो होते. सगळे एकसारखे. तो माझा कुणी लागत नाही.

•

मी आर्नी केटोला. ॲश्टाबुलात, कपडे धुण्याच्या दुकानाला लागून, माझं बेसबॉलच्या जुन्या कार्डांचं दुकान होतं. गस नेमेथ माझा भागीदार आणि माझ्या बहिणीचा, आयलीचा, नवरा. आता दुकान बंद आहे. आम्ही दोघं मात्र रोज सकाळी बंद दुकानासमोर गाडी लावून कॉफी पितो आणि दुकान उघडं असताना जे भांडलो तेच भांडतो.

दुकानात एक वेताची खुर्ची होती. पन्नाशीच्या पुढचा कुणीही आत आला की काचेवर बोट ठेवून म्हणायचा, "हे माझ्याकडे पण होतं. खोकाभर होती. आईने फेकून दिली." गस खुर्ची पुढे सरकवायचा. "बसा. सगळे इथेच बसतात."

माझ्या आईने काहीच फेकलं नाही. माझं जे गेलं ते मी स्वतः घालवलं, आणि अगदी शिस्तीत घालवलं.

•

कार्डाची किंमत ठरते कोपऱ्यांवरून. मग कडा. मग चित्र मधोमध छापलंय की कलंडलंय. मग पृष्ठभाग: सुरकुती, डाग, रेघ. खिशात घेऊन हिंडलेल्या, उशीखाली ठेवलेल्या, शाळेत चोरून पाहिलेल्या कार्डाचे कोपरे गोल होतात आणि त्याचा भाव पडतो. किंमत असते ती कुणीच हात न लावलेल्याला.

आणि धंद्यातला एक नियम, वेळ वाचवायचा: पुढची बाजू खराब असेल तर मागची बघत बसायचं नाही.

हा नियम मी गसला शिकवला. तो मी पाळला. बाकी गोष्ट या नियमाची आहे.

•

१९६५. आमच्या गल्लीत पोरांची एक रीत होती. पेपरात बातमी आली की अमुक खेळाडूला तमुक टीमने दुसऱ्या टीमला देऊन टाकलं, की कार्डावर छापलेलं टीमचं नाव खोडायचं आणि नवं लिहायचं. निळ्या बॉलपेनने. नाहीतर कार्ड खोटं बोलतंय असं आम्हाला वाटायचं. आज असं एक कार्ड माझ्यासमोर आलं तर मी न बोलता ते बाजूला सरकवीन. तेव्हा ते काम पवित्र होतं आणि ते कुणीही उठून करायचं नाही, असं ठरलेलं होतं. ते डोरीन मॅझूर करायची.

डोरीन आमच्यासमोरच्या घरात राहायची. तिचा बाप रेल्वेच्या यार्डात होता. तिचं अक्षर बारीक, उभं, छापल्यासारखं. रविवारी दुपारी ती पायरीवर बसायची, मांडीवर पेपर, आणि आम्ही रांगेत.

"कोण?"

"हॅन्सन."

"हॅन्सन कुठे गेला? कुठेही गेलेला नाही तो."

"काका म्हणाले गेला."

"तुझ्या काकांना पेपर वाचता येतो का? चल, पुढचा."

आम्ही तिला कमिशनर म्हणायचो. साऱ्या बेसबॉलचा जो वरचा साहेब असतो, त्याच्यावरून. आधी चिडवायला म्हणत होतो, मग ते नावच पडलं. तिची आई पण दारातून हाक मारायची, "कमिशनर, भांडी पडलीत."

ती आमच्या कुणापेक्षाही लांब फेकायची. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. संघ मुलांचा होता. ती रेषेबाहेर उभी राहून बाहेर गेलेले बॉल परत टाकायची, आणि ते असे यायचे की आमचा पिचर हात झटकत म्हणायचा, "हळू टाक ना, ए!"

•

बार्टकसच्या कार्डाची पुढची बाजू, धंद्याच्या भाषेत:

खालच्या कडेला छापील "क्लीव्हलंड", पेनाने खोडलेलं. डाव्या कडेला, उभं, पेनाने: कॅन्सस सिटी. खोडलेलं. वरच्या कडेला: वॉशिंग्टन. खोडलेलं. उजव्या कडेला: बाल्टिमोर. खोडलेलं. पुन्हा खालच्या कडेला, छापील नावाच्या खाली, जेमतेम मावेल असं: क्लीव्हलंड.

दोन वर्षांत चार वेळा दिलेला माणूस. ज्याला कुणी ठेवून घेत नाही आणि कुणी पुरतं टाकतही नाही. चार कडा फिरून तो जिथून निघाला तिथे आला, तेव्हा डोरीन पेनाचं टोपण लावत म्हणाली होती, "घ्या. चारही बेस फिरून घरी आला. आयुष्यातला पहिला होमरन."

दर्जा: निकृष्ट. किंमत: नाही.

•

१६ जून १९६७, शुक्रवार. डोरीनच्या बापाची बदली मिशिगनला, सॅगिनॉला झाली होती. सोमवारी ट्रक येणार होता. ती रस्ता ओलांडून आमच्या गॅरेजमध्ये आली. मी सायकल उलटी करून काहीतरी करत होतो. काही करत नव्हतो.

"हे धर," ती म्हणाली. बार्टकस.

"कुणाचा आहे?"

"आता तुझा."

बार्टकस आमच्या गल्लीत कुणालाच नको असायचा. मला वाटलं कुणीतरी तिच्याकडे टाकून गेलं असेल, आता सामान आवरताना ती खपवतेय. मी पाहिला. चार कडा, पाच नावं. "मस्त," म्हणालो. मागे उलटून पाहायची गरज नव्हती. मागचं मला पाठ होतं. दोनशे अकराची रडकी सरासरी, बदकं.

ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "चेन निघालीय तुझी."

"माहितेय."

ती गेली. मी चौदा वर्षांचा होतो आणि ती जातेय याचा मला इतका राग आला होता की तो मी तिच्यावरच काढला. रविवारी पोट दुखतंय म्हणून मी घरातून बाहेर पडलो नाही. दिवसभर खोलीत बसून कार्डं नंबरवार लावली. बार्टकस तीनशे सत्त्याऐंशी नंबरचा. तो त्याच्या जागी गेला. तोंड वर.

सोमवारी ट्रक गेला तो मी खिडकीतून पाहिला.

•

१९८४: दुकान.

१९८६: माल कमी पडू लागला. लोक वेड्यासारखे घेत होते. दातांचे डॉक्टर पोरांच्या कॉलेजसाठी कार्डं घेऊन ठेवत होते. मी आईकडून माझे लहानपणचे खोके आणले आणि दुकानाचा माल जसा लावतात तसे लावले. चांगली, बरी, सुरकुतलेली, लिहिलेली. ज्यावर पेन दिसेल ते "लिहिलेली" खोक्यात. माझी, गिऱ्हाइकाची, कुणाची, असा कप्पा नव्हता.

त्यातल्या एकावर मी थबकलो का? थबकलो होतो असं म्हणायला मला आवडेल. त्या दुपारी मी दोन हजार कार्डं लावली.

१९८८: गसची सफाई.

गसचा हात देवाचा होता. मऊ खोडरबर, शिळ्या पावाचा गाभा, एका लहान बाटलीतलं काहीतरी, ज्याचं नाव त्याने आयलीलाही सांगितलं नाही, आणि शेवटी नायलॉनच्या मोज्याने पुसून चकाकी. पाकिटाच्या मेणकागदाचे डाग मोज्याने निघतात हे धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. आयलीचे मोजे संपले तेव्हा त्याने किराणा दुकानात चिठ्ठी लावली, आणि पाद्री आयलीला बाजूला घेऊन विचारायला आले की घरी सगळं ठीक आहे ना.

तेव्हा त्याला सफाई म्हणायचे. आता फेरफार म्हणतात, आणि तसं कार्ड कुणी दर्जा द्यायलाही घेत नाही. पण तेव्हा "लिहिलेली"चा खोका गसकडे जायचा आणि कोरा होऊन परत यायचा. मग शंभर-शंभरचे गठ्ठे. एक गठ्ठा ईरीला, एक क्लीव्हलंडला, एक कुणी टोलेडोचा घेऊन गेला.

•

१९९१. शाळेचा वीस वर्षांचा मेळावा. डोरीन आमच्याबरोबर शाळा संपवून गेली नव्हती, तरी कुणीतरी तिला बोलावलं होतं. मागे वळून पाहिलं तर सरबताच्या भांड्यापाशी ती.

"आर्नी केटोला! अरे, तुझे कान कुठे गेले? चांगले बाहेर होते."

"केसांखाली."

"केस ठेवलेस हे बरं केलंस. बाकीच्यांकडे बघ. टेबलं पुसून ठेवल्यासारखी दिसतायत." ती हसली. "कार्डांचं दुकान काढलंस म्हणे."

"काढलं."

"वाटलंच होतं. तू बॅटपेक्षा कार्डं घट्ट धरायचास." मग एकदम: "माझा बार्टकस आहे?"

मी पाहिलं तिच्याकडे. आणि म्हणालो, "आहे ना. जपून ठेवलाय."

"प्लास्टिकमध्ये?"

"प्लास्टिकमध्ये."

"मग मागची बाजू वाचलीस का रे कधी?"

"पाठ आहे. दोनशे अकरा. बदकं पाळतो."

ती हसली नाही. "छापलेलं नाही विचारत." तिने ग्लास खाली ठेवला. "म्हणजे नाहीच वाचलंस. मी चोवीस वर्षं समजत होते की वाचून गप्प बसलास."

"काय आहे मागे?"

"आहे ना तुझ्याकडे? घरी जाऊन वाच." तिने कागदी रुमालावर नंबर लिहिला. तेच अक्षर, बारीक, उभं. "वाचलंस की फोन कर. न वाचता करू नकोस."

तिचा नवरा कोट घेऊन आला. बरा माणूस वाटला. रेफ्रिजरेटर विकायचा.

•

तिला खरं का नाही सांगितलं?

हे गसने मला इतक्या वेळा विचारलंय की आता तो प्रश्न न विचारता नुसता भुवई उचलतो. फोन उचलायचा आणि म्हणायचं, डोरीन, मी तो विकला. वीस सेंटला, शंभरच्या गठ्ठ्यात, आधी तुझं अक्षर पुसून.

म्हण ना तू, मी गसला सांगतो.

•

गोष्ट तिथेच संपायची. पण पेन एक करतं. शाई जाते, दाब राहतो. बॉलपेनचं टोक पुठ्ठ्यात खाच पाडतं, आणि ती खाच खोडरबराने निघत नाही. कार्ड दिव्याखाली आडवं धरायचं, डोळ्याच्या पातळीत, आणि हळूच कलतं करायचं. कोऱ्या दिसणाऱ्या कागदावर वण दिसतो. आम्ही याच्यावरून एकमेकांची चोरी पकडतो. माझं निम्मं आयुष्य कार्डं कलती करून वण शोधण्यात आणि त्याबद्दल पैसे कापण्यात गेलं.

१९९१ नंतर मी वण सापडावा म्हणून शोधू लागलो.

ईरी. टोलेडो. बफेलो. जिथे कार्डांचा बाजार भरेल तिथे. चर्चची तळघरं, शाळांचे जिम, हॉटेलांचे कार्पेट घातलेले हॉल. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न: पासष्टचा बार्टकस आहे का? असला की खिशातून छोटा दिवा काढायचा, कलता करायचा. नसला वण तरी विकत घ्यायचा, कारण दिवा लहान होता आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. घरी पुन्हा पाहायचा. एक. सात. तेवीस.

माझं लग्न झालं होतं, सहा वर्षं टिकलं. ते मोडण्याच्या कारणांत बार्टकस नव्हता, निदान तिच्या वकिलाने तसं लिहिलं नाही.

मग एक गंमत झाली. धंद्यात वास लवकर पसरतो. ॲश्टाबुलाचा केटोला बार्टकस गोळा करतोय. का? त्याला काहीतरी कळलंय. बार्टकस कुणा मोठ्या खेळाडूचा बाप निघणार, कुठल्या तरी मानाच्या यादीत जाणार, छपाईत काहीतरी चूक आहे. एका वर्षी कार्डांच्या किमतींच्या पुस्तकात त्याच्या नावापुढे वर जाणारा बाण आला. पन्नास सेंटचा माणूस दोन डॉलरचा झाला. चार वर्षांनी चारचा. लोक त्याला दाबून ठेवू लागले.

"तू भाव वाढवलास त्याचा," गस म्हणाला. "साऱ्या ओहायोत हा एकच माणूस आहे जो काही न करता वर चाललाय."

"मला एकच पाहिजे."

"ते त्यांना माहीत नाही ना, गाढवा. आता ज्याच्याकडे तो आहे तो तिजोरीत घालेल."

असं मीच माझ्या वाटेत दगड टाकत गेलो. अठ्ठेचाळीस. पंचावन्न. एकसष्ट.

•

गेल्या ऑक्टोबरात, शनिवारी सकाळी, कॉनिऑटच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये चौदा टेबलं लागली होती. आम्ही गसच्या ट्रकमधून गेलो. दुकान नाही, तरी जातो. डोनट चांगले असतात. दाराजवळच्या टेबलावर एक निवृत्त पोस्टमन बसला होता, पायाशी खोके.

"पासष्टचा बार्टकस?" मी म्हणालो.

"आहे." तो सावध झाला. "पण सहा डॉलर."

"सहा? पुस्तकात चार आहे."

"पुस्तक राहू दे. ॲश्टाबुलात केटोला म्हणून एक येडा आहे, तो वाटेल ते देतो म्हणे. त्याच्यासाठी ठेवलाय."

गसने डोनट तोंडात कोंबला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"कुठे मिळाला?" मी विचारलं.

"ईरीच्या एका माणसाचा गठ्ठा होता. मेला बिचारा. बायकोने विकायला काढला."

मी दिवा काढला. कार्ड आडवं धरलं. कलतं केलं.

डाव्या कडेला एक उभी रेघ उठली. मग तिच्याशेजारी दुसरी. कॅन्सस सिटी. मी कार्ड फिरवलं. वॉशिंग्टन. फिरवलं. बाल्टिमोर. खाली, छापील नावाच्या पायाशी, जेमतेम मावलेलं.

"गस," मी म्हणालो.

गस वळला. माझं तोंड पाहिलं आणि हसायचा थांबला. पोस्टमनच्या टेबलावर त्याने दहाची नोट ठेवली.

"सुट्टे देतो, थांबा," पोस्टमन म्हणाला.

"राहू द्या," गस म्हणाला. "येड्याकडून."

•

ट्रकमध्ये.

"उलट."

"थांब जरा."

"बत्तीस वर्षं थांबलोय मी तुझ्याबरोबर. कुठल्या कुठल्या हॉटेलांत झोपलो. उलट!"

मी उलटलं. मागचा पुठ्ठा राखाडी, खरबरीत. छापील आकडे. त्यांच्याखाली बोटभर मोकळी जागा, आणि तिथे पुठ्ठ्याची लव उठलेली. कुणीतरी इथे घासलं होतं. मी काचेतून येणाऱ्या उन्हात कलतं केलं. काहीतरी होतं. ओळी होत्या, तीन. पण वाचता येत नव्हत्या. खरबरीत पुठ्ठ्यावर वण तुटक दिसतो, आणि गसने मन लावून काम केलं होतं.

"चांगलं खोडलंस," मी म्हणालो.

"मी सगळीच चांगली खोडायचो." तो स्टिअरिंगकडे पाहत होता. "वाचत बसलो नाही रे कधी. शंभर कार्डं, एक संध्याकाळ."

"खोक्यात मी टाकलं होतं."

"हो," गस म्हणाला. "तेही आहेच."

मग तो पुढे वाकला, ड्रॉवर उघडला, आणि सुताराची चपटी पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. काय करायचं ते त्याला सांगावं लागलं नाही आणि मलाही. शिसं आडवं धरून हलक्या हाताने फिरवलं की सगळा कागद काळा होतो, खाच तेवढी पांढरी राहते. शाळेतलं पोरही हे करतं. पण कार्डावर शिसपेन! चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की एक ठिपका, एवढासा ठिपका, आणि निम्मी किंमत गेली.

"आता याचा भाव काय?" गसने विचारलं.

"काही नाही. खोडलेलं, घासलेलं. शून्य."

"मग शून्यातून काय कापणार आहेस?"

मी कार्ड गुडघ्यावर ठेवलं आणि शिसं फिरवलं. एकदा डावीकडून, एकदा वरून. पांढरी अक्षरं एक एक करून वर आली. बारीक, उभी.

रविवारी २ वाजता, मैदानावर.
मी टाकणार, तू मारायचं. एकदाच.
कुणाला आणू नकोस. — कमिशनर

गसने चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा वाचलं.

"कुठल्या रविवारी?"

"मी घरी होतो," मी म्हणालो. "पोट दुखत होतं."

"खरंच?"

"नाही."

गसने गाडी सुरू केली नाही. हॉलमधून लोक बाहेर येत होते, बगलेत खोके, तोंडात डोनट. तो म्हणाला, "फोन घरून करणार की इथून?"

•

घरून केला. दुपारी, स्वयंपाकघरातून, कागदी रुमालावरचा नंबर बघून. तो आता कापडासारखा मऊ झालाय. मला वाटलं नंबर बंद असेल. वाटलं, कुणीतरी पोरगा म्हणेल, आजी गेल्या वर्षी वारली. चार वेळा वाजला.

"हॅलो?"

"डोरीन, मी आर्नी केटोला."

पलीकडे रेडिओ चालू होता. तो बंद झाला.

"किती हळू वाचतोस रे," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. खोका, गस, मोजे, गठ्ठे, एकसष्ट बार्टकस. मधे ती एकदाच बोलली, "थांब, बसते."

"म्हणजे त्या रात्री तू खोटं बोललास. प्लास्टिकमध्ये म्हणे."

"एकदाच बोललो. बत्तीस वर्षं टिकलं."

"चांगल्या प्रतीचं असणार." मग तिने विचारलं, "भाव काय आहे त्याचा?"

"सहा डॉलर. मी वाढवला."

ती हसली. ते हसणं मी गॅरेजमध्ये ऐकलं होतं, पायरीवर ऐकलं होतं. ते कुठे खोडलं गेलं नव्हतं.

"तू गेली होतीस?" मी विचारलं. "त्या रविवारी?"

"गेले होते तर. दोनला. गल्लीतल्या मिचेलच्या भावाचा हातमोजा चोरून घेतला होता."

"किती वेळ थांबलीस?"

"काय माहीत. जाळीवर टाकत बसले. बरेच टाकले. एक असा गेला आर्नी, असा वळला शेवटी... कुणी पाहिला नाही तो. मग बाबा शोधत आले. खोक्यांना दोरी बांधायची होती."

"वळणारा टाकणार होतीस मला?"

"वर्षभर तेवढाच शिकत होते. कोळशाच्या शेडच्या भिंतीवर."

"मी मारला असता?"

"नाही."

"तीन संधी असतात ना, त्यातून एकही नाही?"

"आर्नी, तुला सरळ येणारा मारता येत नव्हता."

खिडकीबाहेर शेजाऱ्याने पानं गोळा करून ढीग केला होता आणि वारा तो परत पसरवत होता. मी म्हणालो, "मी येऊ का सॅगिनॉला? बॅट घेऊन येतो."

"खुळा आहेस का? माझा खांदा बदललाय गेल्या वर्षी. बॅटपर्यंत पोचणार नाही बॉल."

"जिथपर्यंत पोचेल तिथपर्यंत मी पुढे येऊन उभा राहीन."

तिच्या मागे कुठेतरी घड्याळ वाजत होतं.

"आर्नी."

"बोल."

"आता नको रे. मी तो बॉल किती वेळा टाकलाय तुला, माहितेय? भांडी घासताना. नवऱ्याचं कॅन्सरचं चाललं होतं तेव्हा हॉस्पिटलच्या जिन्यात. दर वेळी तू चुकतोस. आता तू खरंच आलास आणि मी दोन पावलांवर टप्पा टाकला तर मी काय करू?"

मी म्हणालो, "मग मी काय करू?"

"तू ते कार्ड ठेव. ह्या वेळी खरंच ठेव." मग, "आणि रविवारी फोन करत जा. दोन वाजता. मी असते."

तिने फोन ठेवला. मी बार्टकस प्लास्टिकमध्ये घातला नाही. स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला, मागची बाजू वर, काळी, आणि तिच्यातल्या त्या तीन पांढऱ्या ओळी. बाकीचे एकसष्ट गसला दिले. विकू नकोस म्हणालो, भाव पडेल. तो म्हणाला, पडू दे की, पडायची सवय आहे त्याला.

•

डोरीनने कार्डांचं पाकीट आयुष्यात एकदाच विकत घेतलं, एप्रिल १९६५ मध्ये, आणि त्यातला बार्टकस ठेवून बाकीची चार कार्डं तिने त्याच दिवशी वाटून टाकली.